संग्रहातील जुन्या मोटारी : नाशिककर मालकांनी या चुका टाळाव्यात

जुन्या मोटारीचा मालक गाडी रस्त्यावर काढायला कचरतो, पण तिचे खरे नुकसान महिनोन्‌महिने शेडमध्ये उभे राहिल्याने होते. वडिलांची ॲम्बेसेडर घरात असते, मग कोणाकडून तरी प्रीमियर पद्मिनी घेतली जाते, मळ्यावर विलीज जीप येते, आणि बघता बघता गाड्यांची संख्या घरातील चालवणाऱ्यांपेक्षा जास्त होते. संग्रहातल्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी दोनच गोष्टी सापडतात. एक म्हणजे गाडी पुरेशी न चालवणे आणि दुसरी म्हणजे आजच्या गाड्यांना लागू पडणारे नियम जुन्या गाडीवर डोळे झाकून लादणे.

दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे

ही सवय इतकी सर्वत्र आहे की अनेक मालक तिलाच देखभाल समजतात. वास्तविक एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले तर ते वाफ होऊन निघून जाते, पण पाच मिनिटांत इंजिन बंद केले तर तेच पाणी सायलेन्सरमध्ये साचून पत्रा आतून कुजवते आणि ऑइलमध्ये उतरून त्याचा पांढरट चिखल करते. थंड इंजिनाला चोक ओढून चालवल्यामुळे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते ते वेगळेच. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या वेळात भरून निघत नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत बॅटरीही बसते.

त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. नाशिकहून त्र्यंबकेश्वरपर्यंतचा सुमारे २८ किलोमीटरचा रस्ता यासाठी पुरेसा आहे, कारण तिथे पोहोचेपर्यंत इंजिनासोबत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांची बेअरिंगेही तापतात आणि सगळे ऑइल सील ओले राहतात. हे जमणार नसेल तर गाडी मुळीच सुरू न करता नीट तयारी करून विश्रांतीला ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. अशा वेळी ऑइल बदलून ठेवावे, कारण जुन्या ऑइलमधील आम्ले बेअरिंगांवर काम करत राहतात. बॅटरी काढून मंद गतीच्या चार्जरवर ठेवावी आणि टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण पावसाळ्यात ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावणे पुरेसे होते. दमट हवेत क्लच प्लेटही फ्लायव्हीलला चिकटते. त्यासाठी जुने फिटर क्लचचे पेडल लाकडाच्या दांड्याने दाबून ठेवतात, आणि हा उपाय आजही उत्तम आहे.

वर्षानुवर्षे बंद असलेली गाडी हाती आली तर बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारणे ही महागडी चूक ठरते. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. हाताने न फिरणारे इंजिन सेल्फने फिरवायचा प्रयत्न केला, तर अडकलेली पिस्टनची रिंग तुटून सिलिंडरला ओरखडे पडतात आणि जे काम थोडक्यात झाले असते त्याचे ओव्हरहॉलिंग होते.

खतांच्या गोण्यांशेजारी गाडी लावणे

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे आवर्जून सांगावेसे वाटते. मळ्यावर मोठी शेड असते, म्हणून जुनी गाडी तिथे लावली जाते आणि तिच्या शेजारीच पोटॅश, अमोनियायुक्त खते आणि मोरचूद ठेवलेले असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. त्याची धूळ हवेतील ओलावा शोषून पत्र्यावर बसली की समुद्रकाठच्या खाऱ्या हवेसारखा गंज चढतो, तर अमोनियायुक्त खते तांब्या-पितळेच्या वस्तूंना, म्हणजे रेडिएटरला, कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याला) आणि वायरिंगच्या टोकांना खातात. खते आणि गाडी एका छपराखाली असूच नयेत. उघड्यावर लावून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणे हेही तितकेच घातक आहे, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही. हवा खेळेल असे सुती किंवा सच्छिद्र आवरण, खाली कोरडी फरशी आणि वर पक्के छप्पर असावे. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या पावसात दाराच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची भोके पाने आणि मातीने बुजतात आणि दार आतून सडते, म्हणून ती पावसाळ्याआधी तारेने मोकळी करून घ्यावीत.

पेट्रोल बदलले आहे हे विसरणे

२०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला यात आनंद वाटणे स्वाभाविक आहे, पण १९६० किंवा १९७० च्या दशकातील गाडीची रबरी नळी, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आणि टाकीच्या गेजखालचे कॉर्कचे गॅस्केट या इंधनासाठी बनलेले नव्हते. इथेनॉलने ही जुनी रबरे फुगतात, मऊ पडतात आणि अखेर फुटतात. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण असते, त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या आणि नवा पडदा हा संग्रहातील प्रत्येक गाडीवरचा पहिला खर्च असावा, रंगकामाच्याही आधीचा.

दुसरा परिणाम कमी दिसतो. इथेनॉल हे चांगले द्रावक असल्यामुळे टाकीच्या तळाशी अनेक वर्षे बसलेला चिकट गाळ सुटतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. गाडी मिसिंग मारू लागते, मेकॅनिक प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो, आणि दोष तसाच राहतो. अशा गाडीची टाकी उतरवून धुणे आणि नवा फिल्टर बसवणे हाच उपाय आहे. इथेनॉल हवेतील पाणीही ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते मिश्रण वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नये. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. प्लग काढल्यावर त्याचे टोक फिकट तपकिरीऐवजी पांढरे दिसत असेल आणि चढावर इंजिन दम खात असेल, तर मुख्य जेट एक आकडा मोठा करून पाहावा.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेविरहित पेट्रोल आले, त्याचाही संबंध इथे आहे. ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे आहे आणि शिशाचे संरक्षण गेल्यावर अशा हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप वारंवार कमी होत असेल तर तो पुन्हा पुन्हा लावत बसू नये, हेड उतरवून कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये चांगल्या टर्नरची कमतरता नाही, हे इथल्या मालकांचे भाग्यच म्हणावे लागेल.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

इंजिन तापते म्हटले की अनेक गॅरेजमध्ये पहिले काम म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढला जातो आणि ‘आपल्याकडे याची गरज नाही’ असे सांगितले जाते. हे चूक आहे. थर्मोस्टॅटशिवाय निफाडच्या हिवाळ्यातील पहाटे इंजिन कधी योग्य तापमानाला पोहोचतच नाही, त्यामुळे पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. मूळ दोष मात्र तसाच राहतो, आणि तो बहुधा रेडिएटरमधील क्षारांचा असतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने नळ्या आतून बुजतात. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे साध्या पाण्याने ते पोखरलेही जाते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घालावे, रेडिएटर दुकानात उघडून साफ करून घ्यावा आणि झाकण त्या गाडीच्या दाबाचेच लावावे, कारण नव्या गाडीचे जास्त दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरचे सांधे उघडते. फोक्सवॅगन बीटलच्या मालकांसाठी एक वेगळी सूचना आहे. तिचे इंजिन हवेने थंड होते आणि पंखा व डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालतात, त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘घरी जाऊन बघू’ असे न म्हणता जागच्या जागी इंजिन बंद करावे.

कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होत नाही, ही तक्रारही याच प्रकारातली आहे. थांबलेल्या इंजिनाची उष्णता पेट्रोल पंपाला लागते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत राहतो. आधी प्लगला ठिणगी येते का ते पाहावे. ठिणगी चांगली असेल तर बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि पंपावर ओले फडके ठेवावे. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे. ठिणगीच नसेल तर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट आणि कंडेन्सर तपासावेत. ॲम्बेसेडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो आणि तो डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, गेजने लावायचा असतो.

महागडे ते चांगले असे समजून तेल भरणे

नव्या गाडीचे ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल जुन्या इंजिनाच्या सैल गॅपसाठी फार पातळ आहे. शिवाय अशा तेलांत कॅमशाफ्ट आणि टॅपेटला वाचवणाऱ्या जस्त-फॉस्फरसयुक्त घटकाचे प्रमाण कमी केलेले असते. २०डब्ल्यू-५० दर्जाचे साधे खनिज तेल, वेळेवर बदललेले, अधिक उपयोगी पडते. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचे गिअर तेल भरल्यास त्यातील गंधकयुक्त घटक सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या भागाच्या) पितळी रिंगांना त्रास देतात, म्हणून जिथे सांगितले असेल तिथे जीएल-४ च भरावे. स्टँडर्ड हेराल्डच्या पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये (चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्यात) ग्रीस भरणे ही तर अपघाताला निमंत्रण देणारी चूक आहे. तिथे गिअर ऑइलच लागते, ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आत पाणी शिरते आणि एक दिवस तो भाग तुटून चाक कोलमडते. ग्रीसगनवाल्या मुलाला हे ठाऊक नसते, मालकाला असायला हवे.

घाटात न्यूट्रल करून उतरणे

पेट्रोल वाचवण्यासाठी कसाऱ्याच्या उतारावर न्यूट्रल करणारे चालक आजही दिसतात. जुन्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आणि एकच मास्टर सिलिंडर असतो. एका चाकाचा वॉशर गळला तरी चारही ब्रेक जातात, आणि सतत दाबल्याने ड्रम तापले की पेडल घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेक फ्लुइड हवेतील पाणी शोषते आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल स्पंजसारखे खाली जाते, म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलून एअर काढून घ्यावी. फ्लुइड कमी पडले म्हणून इंजिन ऑइल घालण्याचा प्रकार घडतो. त्याने सगळे रबरी वॉशर फुगतात आणि संपूर्ण ब्रेक यंत्रणा उघडावी लागते.

टायरवरची नक्षी शाबूत असली तरी वय पाहावे. काठावरच्या शेवटच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दहा वर्षे उलटलेला टायर कितीही नवा दिसला तरी महामार्गावर नेऊ नये.

बॅटरी नेहमीप्रमाणे जोडणे

१९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. नव्या सवयीने ऋण टोक बॉडीला लावले तर मागाहून बसवलेला रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन क्षणात जळते. गाडी विकत घेतल्याबरोबर हे तपासून बॅटरीजवळ ठळक लिहून ठेवावे.

कागदपत्रे मागे टाकणे

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. संग्रहात पाच-सहा गाड्या असतील तर एखादीची तारीख हमखास निसटते, म्हणून प्रत्येक गाडीची वेगळी वही असावी आणि तिच्या पहिल्या पानावर नोंदणी, विमा आणि पीयूसीच्या तारखा असाव्यात. पुढच्या पानांवर ऑइल, ब्रेक आणि टायरच्या नोंदी ठेवाव्यात. विमा घेताना कंपनीने सुचवलेली किरकोळ किंमत निमूटपणे मान्य करू नये. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरवता येते, त्यासाठी छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या हाताशी ठेवाव्यात.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षे चालते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला रस्त्यावर परवानगी असते. ज्या गाडीतून कुटुंबासह वणीला किंवा गंगापूर धरणावर जाण्याची इच्छा आहे, तिच्यासाठी साधी नोंदणीच चालू ठेवावी, आणि अर्ज करण्याआधी चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही याची खात्री करून घ्यावी, कारण दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेली जुनी मोटार या नोंदणीला पात्र ठरत नाही.