ऑफिसात सगळ्यांनी मिळून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस वापरायचं असेल तर

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचं स्टोअर, बिलिंग आणि डिस्पॅच एकाच ॲक्सेस डेटाबेसवर चालतं. तुम्हालाही तसं करायचं असेल, तर एकच फाइल शेअर करून सगळ्यांनी उघडायची, हे करू नका. फाइल खराब व्हायला तेवढं पुरतं.

आधी बॅकअप. मग 'डेटाबेस टूल्स'मधून डेटाबेस स्प्लिट करा. टेबलांची बॅकएंड फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये राहील; फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट असलेल्या फ्रंटएंडची वेगळी प्रत प्रत्येकाच्या पीसीवर ठेवा. फ्रंटएंडला बॅकएंडची टेबलं लिंक करताना सर्व्हरच्या नावापासूनचा पूर्ण पाथ द्या, कारण ड्राइव्हचं अक्षर प्रत्येक मशीनवर सारखं असेलच असं नाही.

फोल्डरवर सगळ्यांना लिहिण्याची आणि डिलीट करण्याचीही परवानगी हवी. ॲक्सेस तिथे लॉक फाइल बनवतं आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसतं. ही परवानगी नसेल, तर दुसऱ्याला डेटाबेस उघडतच नाही किंवा नुसता वाचता येतो.

वायफाय नको, केबलच टाका. वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरात बॅकएंड अजिबात नको. आणि आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून सगळे पीसी जोडणारा नेटवर्क स्विचही यूपीएसवर घ्या; तो बहुतेक ठिकाणी राहूनच जातो.

फाइलची मर्यादा 2 जीबी. ती फुगू नये म्हणून सगळे बाहेर पडल्यावर अधूनमधून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा.