लोफोटेनचं ओ गाव नीट बघायचं असेल तर

नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्याही वर, लोफोटेन बेटांवरचा ई10 हायवे जिथे संपतो तिथे ओ नावाचं मासेमारांचं गाव आहे. नाव एकाच अक्षराचं, त्यामुळे मॅपवर शोधताना पुढे लोफोटेन टाकायचं, नाहीतर भलतंच गाव निघतं. बहुतेक लोक इथे तासभर येतात, पाण्यावरच्या लाल घरांचे फोटो काढतात आणि जवळच्या राइने गावाकडे परत फिरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण थंडीत कॉड नावाचा मासा कसा पकडायचे, वाळवायचे कसा आणि त्याचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जायचा हे सगळं या एवढ्याशा गावात चालता चालता कळतं, फक्त कुठे काय बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी कधी जायचं ते ठरवा, कारण निम्मं त्याच्यावरच आहे. जुलैमध्ये हवा छान असते आणि रात्रीही भरपूर उजेड असतो पण तेव्हा मासे वाळवायच्या लाकडी मांडण्या रिकाम्या असतात, नुसते दांडे आणि थोडा वास. कॉड बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनच्या पाण्यात येतो तो जानेवारी ते एप्रिल, त्याला तिकडे स्क्राय म्हणतात, आणि पकडलेला मासा फेब्रुवारीपासून मांडणीवर चढतो तो मे-जूनपर्यंत तिथेच असतो. मार्चमध्ये गेलात तर बोटी, मासे, नशीब असेल तर नॉर्दर्न लाइट्स, सगळं मिळेल पण म्युझियमच्या वेळा थंडीत कमी असतात आणि जुनी बेकरी मुख्यतः उन्हाळ्यातच चालते. मला विचाराल तर मेचा पहिला पंधरवडा बेस्ट, मांडण्या बऱ्याचशा भरलेल्या असतात, दिवस मोठा झालेला असतो आणि गर्दी सुरू व्हायची असते. कुठल्याही महिन्यात गेलात तरी म्युझियमच्या वेळा आधी तपासून घ्याच.

पोचायचं कसं? ओस्लोहून विमानाने किंवा ट्रॉन्डहाइमहून ट्रेनने बोडोला यायचं आणि तिथून मोस्केनेसची फेरीबोट पकडायची, साधारण साडेतीन तास लागतात. मोस्केनेसच्या धक्क्यापासून ओ पाचेक किलोमीटर. बोट लागत असेल त्यांनी गोळी आधीच घ्या, मधला वेस्टफियोर्ड नावाचा समुद्र थंडीत चांगलाच खवळतो आणि फेऱ्या रद्दही होतात, तेव्हा परतीचं विमान त्याच दिवशीचं अजिबात ठेवू नका. हे पाणी पार करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, इंजिनं यायच्या आधी याच पाण्यात लोक उघड्या नॉर्डलँड बोटीतून, एका चौकोनी शिडावर आणि वल्ह्यांवर, ऐन थंडीत लांबलांबून मासेमारीला यायचे.

गाडी रस्त्याच्या शेवटी, छोट्या बोगद्यापलीकडच्या पार्किंगला लावा आणि गावात पायी या. आता घरांचे रंग बघत चला. लाल रंग स्वस्तातला, लाल माती आणि माशाचं तेल मिसळून केलेला, पांढरा महागडा. म्हणून पाण्यालगतच्या कामाच्या इमारती आणि कोळ्यांच्या खोल्या लाल आणि मालकाचं मोठं घर पांढरं. मालक म्हणजे अख्ख्या गावाचा मालक, त्याला वेरआयर म्हणायचे. जमीन त्याची, धक्का त्याचा, दुकान त्याचं, खोल्या त्याच्या. मासा त्यालाच विकायचा, भाव तोच ठरवणार, आणि दोरी, गळ, पीठ उधार घ्यायचं तेही त्याच्याच दुकानातून, म्हणजे सीझन वाईट गेला की माणूस कर्ज घेऊनच घरी जायचा. 1816 च्या कायद्याने तर किनाऱ्यासमोरच्या समुद्रावरही या मालकांची हुकमत होती, ती 1857 मध्ये काढली. पण भावावरची पकड खरी सुटली ती 1938 मध्ये, जेव्हा कच्च्या मासळीचा कायदा आला आणि मासेमारांच्या स्वतःच्या विक्री संघटनेला किमान भाव ठरवायचा हक्क मिळाला. हे माहीत असलं की ते पांढरं घर वेगळंच दिसायला लागतं.

मग रोरबू बघा, म्हणजे सीझनपुरत्या राहायच्या खोल्या, अर्ध्या पाण्यावर खांबांवर उभ्या. आज बऱ्याच रोरबूंमध्ये हीटर आणि वायफाय असतं आणि रात्रीचं भाडंही दणदणीत असतं, म्हणून म्युझियममधली जुनी खोली बघितल्याशिवाय अंदाज येत नाही. अख्ख्या बोटीची माणसं एका खोलीत, एका बंकवर दोन-दोन, मध्ये एक शेगडी, तिच्यावरच स्वयंपाक आणि तिच्यावरच ओले लोकरीचे हातमोजे वाळत घातलेले, आणि प्रत्येकाची घरून आणलेली एक लाकडी पेटी, त्यात आठवडेच्या आठवडे पुरवायचं खाणं. तिथे घाई करू नका, दोन मिनिटं आत नुसतं उभं राहा.

गावचं म्युझियम म्हणजे एक बिल्डिंग नाही, गावातल्याच जुन्या इमारती आहेत, बोटींची शेड, 1844 ची बेकरी, माशाच्या तेलाचा कारखाना. तेलाचा कारखाना चुकवू नका. कॉडची लिव्हर वाफेवर गरम करून तेल काढायचे, चांगलं ते औषधाला, बाकीचं दिव्याला, कातडी कमवायला आणि रंगाला. आपल्याकडे लहानपणी ज्या पिवळ्या कॅप्सूल गिळल्या त्यातलं कॉडलिव्हर ऑइल ते हेच. बेकरी उघडी असली तर दालचिनीचा बन घ्याच, गरम असतानाच खा.

मांडण्यांकडे सगळ्यात शेवटी या आणि तिथे वेळ द्या. आपल्याकडे वर्सोव्याला बोंबील बांबूंवर टांगतात तसंच दिसतं पण इथे काम करतो तो ऊन नाही, थंड वारा. डोकं काढलेले दोन मासे शेपटीला बांधून दांड्यावर टाकतात, मीठ अजिबात लावत नाहीत. तापमान शून्याच्या आसपास राहतं म्हणून मासा सडतही नाही आणि जास्त गोठून फाटतही नाही, माश्याही नसतात, आणि आतलं बहुतेक पाणी उडून शेवटी लाकडासारखा कडक मासा उरतो जो वर्षानुवर्षं टिकतो. नंतर प्रतवारी करणारा माणूस एकेक मासा हातात घेऊन बघतो, वास घेतो आणि ठरवतो कुठला कुठे जाणार. सगळ्यात भारी माल इटलीला जातो, वाळवलेली डोकी नायजेरियाला, तिथे सूपमध्ये घालतात. हा व्यापार काही आजचा नाही, मध्ययुगापासून हाच मासा बोटींनी नॉर्वेतल्याच बर्गन बंदरात आणि तिथून युरोपभर जायचा.

मांडणीखाली शिरू नका, माशाला हात लावू नका, ड्रोन तर नकोच, ती लोकांची रोजीरोटी आहे. आणि खिडक्यांच्या वरच्या पट्टीवर बसलेले पांढरे पक्षी किटीवेक आहेत, घरांवरच घरटी करतात, त्यांनाही लांबूनच बघा.

सुकलेला कॉड घरी न्यायचा असेल तर व्हॅक्यूम पॅकच घ्या नाहीतर बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना वास लागेल. करायच्या आधी पाच ते सात दिवस फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, बोटाने दाबल्यावर मधला भागही मऊ लागला की झाला. मीठ नसतं त्यामुळे खारवलेल्या माशासारखं सांभाळून घालायची गरज नाही, चवीपुरतं नेहमीसारखं घाला, आणि पहिल्यांदा मसाला कमी टाका म्हणजे माशाची चव लागेल.