ब्रेक-टॉप रिव्हॉल्व्हर निवडताना या चुका टाळा

काउबॉय शूटिंगसाठी (जुन्या अमेरिकी धाटणीच्या बंदुकांनी खेळायची नेमबाजी) ब्रेक-टॉपच्या, म्हणजे नळी खाली झुकवून उघडायच्या रिव्हॉल्व्हरच्या, प्रतिकृतींची तुलना सुरू झाली की बहुतेकांची गाडी एकाच मुद्द्यावर अडते: रिकामं किती झटकन होतं! नळी अडकवून ठेवणारा खटका (ट्रिगर नव्हे) ओढला, नळी झुकली, की पुंगळ्या बाहेर. पण अमेरिकेतल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या सामन्यांत रिव्हॉल्व्हर भरायचं लोडिंग टेबलावर आणि रिकामं करायचं अनलोडिंग टेबलावर. घड्याळ चालू असताना पुन्हा भरायची वेळ क्वचितच येते. तेव्हा अंगठा हॅमरपर्यंत (मागे ओढायच्या घोड्यापर्यंत) सहज पोहोचतो का, आणि सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) शेवटच्या स्टेजपर्यंत, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या फेरीपर्यंत, मोकळा फिरतो का, हे आधी बघा.

काळी दारू (खूप काजळी धरणारी जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) वापरणाऱ्यांनी तर सिलिंडरकडे खास लक्ष द्यावं. स्कोफिल्ड हे स्मिथ अँड वेसनचं एकोणिसाव्या शतकातलं ब्रेक-टॉप; त्याचं मूळ काडतूस आखूड होतं. इटलीच्या उबेर्ती कंपनीने आपल्या प्रतिकृतीत त्याहून लांब .४५ कोल्ट काडतूस बसावं म्हणून सिलिंडर लांबवला, आणि त्याच्या पुढच्या टोकाला काजळी अडवणारी जी कड होती ती त्या नादात आखूड झाली. मग काजळी थेट सिलिंडर ज्यावर फिरतो त्या आसावर बसते आणि हॅमर ओढताना सिलिंडर जड लागतो. अशा वेळी जोर लावू नका. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, आस आणि सिलिंडरचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, आसावर ग्रीस लावा.

पुंगळी एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली) अडकते, ही दुसरी नेहमीची तक्रार. .४५ कोल्ट काडतुसाच्या बुडाची कड अरुंद, म्हणून एक्स्ट्रॅक्टरची पकड सुटते. बंदूक सावकाश उघडली की हे हमखास होतं. बंदूक एका बाजूला कलती धरून एका दमात उघडा, किंवा रुंद कडेचं .४५ स्कोफिल्ड काडतूस वापरा, ते .४५ कोल्टच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खोबणीत) बसतं. कोल्टचं काडतूस मात्र मूळ स्कोफिल्डमध्ये बसत नसे, आणि कोल्ट आणि स्कोफिल्ड अशी दोन्ही रिव्हॉल्व्हरं बाळगणाऱ्या अमेरिकन लष्कराला शेवटी आखूड काडतूसच दोन्हींसाठी धरावं लागलं.

स्मिथ अँड वेसनच्याच रशियन मॉडेलची प्रतिकृती देखणी आहे, पण मुठीच्या वरच्या उंचवट्यामुळे प्रत्येक वेळी हॅमर ओढायला पकड बदलावी लागते. वेग हवा असेल तर स्कोफिल्डच घ्या.

मनगटाच्या झटक्याने बंदूक बंद करणंही सोडा. बिजागरी आणि खटका ढिला होतो, आणि तो दुरुस्त करणं स्वस्त नाही. दोन्ही हातांनी मिटवा. सहा चेंबरमध्ये काडतुसं पाचच भरा, आणि हॅमर रिकाम्या चेंबरवर टेकलाय ना, हे बंद केल्यावर बाजूच्या फटीतून पाहून घ्या.