प्रॅक्टिकल शूटिंगचा स्थानिक सामना: स्टेजची आखणी आणि पहिला सहभाग

प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे हालचाल करत, वेळ आणि अचूकता दोन्ही मोजून केलेली पिस्तुलाची नेमबाजी; लक्ष्ये आणि आडोसे मांडून आखलेल्या तिच्या एकेका फेरीला स्टेज म्हणतात. नागपूरच्या परिसरात स्टेज आखायला घेण्यापूर्वी प्रथम माती पाहावी. गोळ्या अडवणारा मागचा बांध मुरमाचा असेल, तर त्यातील काळ्या दगडांवर आपटलेली गोळी कोठे उसळेल याचा भरवसा नसतो. म्हणून बांधाच्या दर्शनी बाजूवर चाळलेल्या मातीचा जाड थर हवा. स्पर्धकाच्या पायाखाली मात्र हाच मुरूम उपयोगी पडतो, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात बुटांना चिकटते, आणि भरलेले पिस्तूल हाती असताना पाय घसरणे किंवा भेगेत अडकणे याहून वाईट प्रसंग या खेळात क्वचितच येतो.

त्यानंतर नळीच्या दिशेचा विचार करावा. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना इप्सिक (IPSC) हिच्या नियमांनुसार, अन्य मर्यादा आखून दिलेली नसेल, तर नळीचे तोंड बांधाच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेपासून ९० अंशांपलीकडे वळताच स्पर्धक बाद होतो. उजव्या हाताचा नेमबाज उजवीकडून डावीकडे धावत मॅगझिन बदलतो, तेव्हा पिस्तुलाची मॅगझिन घालायची बाजू डाव्या हाताकडे आणण्याच्या नादात नळी आपसूक मागे, म्हणजे प्रेक्षकांकडे, वळू लागते. डावखुऱ्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडते. त्यामुळे अशी लांब आडवी धाव आणि मॅगझिन बदलण्याची गरज एकाच ठिकाणी येणार नाही, अशा रीतीने लक्ष्ये मांडावीत. आखणी झाल्यावर रिकाम्या हाताने, बोट पिस्तुलासारखे रोखून, स्वतः संपूर्ण स्टेज दोनदा चालावी: एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने. जेथे आपलेच बोट मागे वळते, तेथील आडोसा हलवावा. तेथे सूचनाफलक लावून भागते, असे मला वाटत नाही. घाईत फलक कोणी वाचत नाही.

पोलादी लक्ष्यांपासून नेमबाज आणि अधिकारी किमान ७ मीटर दूर असले पाहिजेत. जमिनीवर मर्यादारेषा आखायची असल्यास ती ८ मीटरवर आखावी, म्हणजे पाऊल चुकून रेषेपुढे पडले तरी अंतर पुरते. खड्डे पडलेली किंवा कडा वाकलेली प्लेट त्याच दिवशी बाजूला काढावी. नियमानुसार लहान स्टेज जास्तीत जास्त १२, मध्यम २४ आणि मोठी ३२ गोळ्यांची असते, आणि एका जागेवरून ९ पेक्षा अधिक गुणपात्र गोळ्या मागता येत नाहीत. नवख्यांच्या सामन्यासाठी १२ गोळ्यांच्या दोन-तीन स्टेज पुरेशा होतात.

शस्त्राचा प्रश्न भारतात वेगळा आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसामान्य परवानाधारकाला बाळगता येत नाही, त्यामुळे स्थानिक सामना बहुधा .२२ किंवा .३२ कॅलिबरच्या पिस्तुलांवर बेतावा लागतो. गोळीचा जोर मोजणारा इप्सिकचा पॉवर फॅक्टर म्हणजे ग्रेन या वजनाच्या एककातील गोळीचे वजन गुणिले फूट प्रतिसेकंदातील वेग, भागिले १०००. ४० ग्रेनची .२२ची गोळी सेकंदाला १००० फूट वेगाने गेली, तरी तो ४० भरतो, आणि किमान अट १२५ची आहे. म्हणून ही अट बाजूला ठेवून सर्वांना मायनर, म्हणजे कमी जोराच्या गोळ्यांसाठीची, गुणपद्धती लावावी आणि हलक्या गोळीनेही पडतील अशाच प्लेट वापराव्यात. परवाना शहरात पोलीस आयुक्तांचा आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असतो; तो नोंदणीच्या मेजावर तपासल्याशिवाय शस्त्राची पेटी उघडू देऊ नये.

आता स्पर्धकाविषयी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि कानांवर कर्णरक्षक हवेच. पिस्तूल रिकाम्या अवस्थेत होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असावे, आणि ते हाताळायचे झाल्यास केवळ नेमून दिलेल्या सुरक्षित जागेत हाताळावे, जेथे काडतुसाला, अगदी नकली काडतुसालाही, हात लावता येत नाही. पिस्तूल भरण्याचा आदेश रेंज ऑफिसर, म्हणजे स्टेजवरचा अधिकारी, देतो. त्याच्या ‘स्टँडबाय’ या इशाऱ्यानंतर १ ते ४ सेकंदांत टाइमर वाजतो. धावताना, भरताना आणि अडकलेले काडतूस काढताना बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर दिसले पाहिजे. पिस्तूल हातातून निसटलेच, तर ते झेलू अथवा उचलू नये. ते अधिकाऱ्यालाच उचलू द्यावे.

गुणांना वेळेने भागून ‘हिट फॅक्टर’ निघतो, आणि नवखा नेमबाज नेमका येथे फसतो. मायनर पद्धतीत लक्ष्याच्या मध्यापासून बाहेरच्या ए, सी आणि डी भागांना अनुक्रमे ५, ३ आणि १ गुण मिळतात, तर चुकलेल्या गोळीला १० गुणांचा दंड असतो. समजा, १६ सेकंदांत ५२ गुण झाले, तर फॅक्टर ३.२५ येतो. त्यातील ए भागातली एक गोळी चुकली असती, तर ५ गुण जाऊन वर १० दंड पडला असता, म्हणजे ३७ गुण आणि फॅक्टर साधारण २.३१. शंका येताच अर्धा सेकंद खर्चून आणखी एक गोळी झाडली असती, तर ५२ गुण टिकून तो सुमारे ३.१५ राहिला असता.

सामना शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा. एप्रिल-मे टाळता येत नसेल, तर सकाळी ७ला सुरू करून ११च्या आत आटोपावा, कारण घामेजलेल्या हातातून मूठ सरकते आणि थकलेला रेंज ऑफिसर स्पर्धकाच्या बोटाकडे पाहायचे विसरतो. ‘रेंज इज क्लिअर’ ऐकल्यावरच लक्ष्यांकडे जावे, गुण मोजून होईपर्यंत छिद्रांवर पट्ट्या चिकटवू नयेत, आणि गुणपत्रिकेवरील आकडे स्वतः पडताळून मगच सही करावी.