मागे बसणाऱ्याची जागा आधी, सामानाची नंतर

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला किंवा मेढ्यावरून महाबळेश्वरला मोटारसायकलने जाताना मागे बसणाऱ्याची पाठ आणि पाय अवघडले, की दोष सीटला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा सामान चुकीच्या जागी बांधलेले असते. आधी बॅगा आवळायच्या आणि उरेल त्या जागेत सोबत्याला बसवायचे, हा क्रमच उलटा करायला हवा.

सामान न लावता गाडी सपाट जागी उभी करावी, दोघांनीही नेहमीसारखे बसावे आणि तिसऱ्या कोणीतरी मागच्याची कंबर, पोटरी व टाच कुठे येते तिथे खडूने खुणा कराव्यात. बाजूच्या बॅगेची पुढची कड पोटरीच्या खुणेमागेच राहिली पाहिजे. ती पुढे आली, तर पाय पुढे ढकलला जातो, फूटरेस्टवर केवळ चवडा टेकतो आणि प्रत्येक वळणावर सगळा ताण गुडघ्यावर येतो. मात्र बॅग फार मागे सरकवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मागच्या आसाच्या पलीकडे गेलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि चढावर हँडल डळमळू लागते; त्यापेक्षा लहान बॅग घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही बॅगा जोडणारे पट्टे सीट काढून तिच्याखालून न्यावेत, म्हणजे ते मांडीखाली रुतत नाहीत.

साडीगार्ड अडचणीचे वाटले तरी काढू नये. मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षण, फूटरेस्ट आणि हाताची पकड या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार आवश्यक आहेत.

यांपैकी पकडीकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. कॅरिअरवरची बॅग बांधताना मागची दांडी पट्ट्यांखाली झाकली जाते. मग चढावर मागे आणि उतारावर पुढे सरकणाऱ्या माणसाला चालकाचे जॅकेट धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यामुळे दोन्ही मुठी दांडीभोवती पूर्ण मिटतात का, हे बॅग बांधल्यावर हात घालूनच पाहावे. पाठ आणि बॅग यांत चार बोटांचे अंतर ठेवावे व बॅगेला टेकून बसू नये, कारण मऊ बॅग धक्क्यासरशी सरकते. तीत रेनकोट, कपडे अशा हलक्या वस्तूच ठेवाव्यात. पाण्याच्या बाटल्या, हत्यारे, परतताना घेतलेले कंदी पेढ्यांचे जड खोके हे सारे बाजूच्या बॅगांत, तळाशी आणि शक्य तितके पुढे, दोन्हीकडे सारख्या वजनाने जावे.

सामानासह दोघे बसल्यावर गाडी दबते, म्हणून बॅग सायलेन्सरला किंवा चाकाला टेकत नाही ना, हे त्याच अवस्थेत तपासावे. मागच्या शॉकअपचा ताण आणि टायरमधील हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिलेल्या मापाप्रमाणे वाढवावी. हेडलाइटचा झोत वर गेला असल्यास खाली घ्यावा.

त्यानंतर यवतेश्वरच्या पहिल्या काही वळणांपर्यंत जाऊन थांबावे. नुसते “बरे वाटते का?” असे विचारल्यास भिडेखातर “हो” येते, म्हणून टाच बॅगेला लागली का, हात कुठे धरला, मांडीखाली काही रुतले का, असे नेमके विचारावे. उत्तरांनुसार बॅग सरकवून, सैल झालेले पट्टे पुन्हा आवळून त्यांची लोंबती टोके चाकात किंवा साखळीत जाणार नाहीत अशी खोचावीत आणि मगच पुढचा घाट चढावा.