ज्युनिपरची पाने निस्तेज होऊन तपकिरी पडणे: माझा अनुभव

पुण्यात गच्चीवर कुंडीत वाढवलेल्या चिनी ज्युनिपर या सदाहरित सूचिपर्णी झाडाची पालवी मार्चपासून आतल्या बाजूने निस्तेज, राखाडी आणि पुढे तपकिरी होऊ लागली. माती ओलसर होती, मुळे पांढरी व घट्ट होती. बुरशीनाशक, खत आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक यांपैकी कशानेही फरक पडला नाही, आणि झाड डोळ्यांदेखत वाळताना पाहणे फार त्रासाचे होते.

निदान पांढऱ्या कागदाने झाले: फांदीखाली कागद धरून ती जोरात झटकली असता धुळीसारखे ठिपके पडले, ते चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर रेघ उमटली. ही लाल कोळी, म्हणजे पालवीतला रस शोषणारी अगदी बारीक कीड होती, जिला कोरडा उन्हाळा मानवतो. (इमिडाक्लोप्रिड तिच्यावर चालत नाही, उलट त्याने कधीकधी तिची संख्या वाढते.)

प्रथम कुंडी इतर झाडांपासून दूर नेली. सकाळी पाइपच्या जोरदार धारेने पालवी खालून वर आणि आतल्या बाजूने धुतली. पालवी सुकल्यावर, ऊन उतरल्यानंतर, एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल व थोडा सौम्य द्रवसाबण ढवळून पालवी निथळेपर्यंत फवारले. अंडी या फवाऱ्यातून वाचू शकतात, म्हणून दर सात दिवसांनी हाच क्रम, कागद स्वच्छ राहीपर्यंत, पुन्हा केला. निळसर जातींवर मात्र तेल टाळावे, कारण त्यांची निळी झाक त्याने जाते.

तपकिरी झालेली पालवी पुन्हा हिरवी होत नाही. ती काढताना हिरवा भाग राखावा, कारण उघड्या जून लाकडातून ज्युनिपर सहसा फुटत नाही.