अमेरिकेतलं कुठलं शहर कुठल्यासारखं, हे ओळखायचं कसं

नवीन जॉबची ऑफर आली आणि गाव माहितीचं नसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ते कशासारखं आहे रे?" आणि उत्तर देणारा पण बिनधास्त ठोकून देतो, "अरे छोटं शिकागो आहे." अमेरिकेतली निम्मी गावं लोकांच्या मते छोटं शिकागोच आहेत. मी पिट्सबर्गला सहा वर्षं काढली, मग सिनसिनाटीला आलो, मधे कामानिमित्त बरंच हिंडलो, आणि एवढ्या वर्षांत स्वतःपुरती एक पद्धत बसवली ती सांगतो. परफेक्ट नाहीये, पण "वेदर कसंय" ह्याच्या पुढे तरी नेते.

सगळ्यात आधी, आजची लोकसंख्या बघून जोड्या लावू नका. २०२० च्या जनगणनेत सिनसिनाटी ३,०९,३१७ आणि ऑर्लँडो ३,०७,५७३, आकडे बघितले तर जुळी भावंडं वाटतील. आता १९५० चे काढा. सिनसिनाटी ५ लाख ४ हजार, ऑर्लँडो फक्त ५२ हजार! म्हणजे एक गाव जिना उतरत होतं, दुसरं चढत होतं, मधल्या पायरीवर गाठ पडली एवढंच. उलट सेंट लुईस बघा, १९५० ला साडेआठ लाखांच्या वर होतं ते आता ३ लाख १ हजार, पिट्सबर्ग पावणेसात लाखांवरून ३ लाख ३ हजारांवर, ही दोघं आणि सिनसिनाटी मात्र खरंच एकाच जिन्यावरून उतरलेली. म्हणून मी प्रत्येक गावाचे १९००, १९५० आणि २०२० असे तीन आकडे काढतो, जनगणनेचे आकडे फुकट मिळतात, पाच मिनिटांचं काम.

ह्याचं कारण असं की शहर ज्या काळात भरतं त्या काळातच त्याची घरं, गल्ल्या, फुटपाथ सगळं ठरून जातं, आणि नंतर कितीही काचेचे टॉवर उभे केले तरी ते बदलत नाही. गाड्या यायच्या आधी भरलेल्या गावात प्लॉट अरुंद, घरं रस्त्याला चिकटून, कोपऱ्यावर बार, चर्च आणि कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. एसी आणि गाडी आल्यावर भरलेल्या गावात घराच्या तोंडालाच दोन गाड्यांचं गॅरेज, आणि दूध आणायला सुद्धा गाडी काढायची. फिनिक्स १९५० ला जेमतेम १ लाख ७ हजारांचं गाव होतं, आता १६ लाख, त्याचा स्वभाव शोधायला १८८० चा इतिहास वाचून काय मिळणार.

मग गूगल मॅप्सचा स्ट्रीट व्ह्यू उघडायचा, पण डाउनटाउनमध्ये उतरायचं नाही हं, डाउनटाउन सगळीकडे सारखंच असतं, बँकेचा टॉवर, दोन हॉटेलं आणि स्टेडियम. तिथून दोन-तीन मैलांवर राहत्या वस्तीत कुठेही उतरा आणि चार गोष्टी बघा, घर विटांचं की लाकडाचं की प्लास्टरचं, गॅरेज पुढे की मागच्या गल्लीत, पुढे पडवी आहे का, आणि फुटपाथ आहे का. फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरमध्ये असं उतरलात तर आपण कुठल्या गावात आहोत ते पटकन कळणार नाही, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगाच रांगा, भिंत सामाईक, दारात दोन-तीन पायऱ्या. दोन्ही बंदरं, दोन्ही कारखान्यांची, दोघांमध्ये शंभर मैल पण नाहीत. ही जोडी इतकी सरळ आहे की तिच्यावर जास्त बोलायची गरजच नाही.

खरी मजा पोटापाण्यात आहे. गाव कशावर जगत होतं, ते बंद पडलं का, आणि पडलं तर पुढे काय धरलं. पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी दिसायला अगदी सख्खी, दोन्ही ओहायो नदीवर, दोन्हीकडे टेकड्या, टेकडीवर चढायला शेकडो सार्वजनिक जिने, आणि दोन्हीकडे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या गाड्या होत्या, पिट्सबर्गला त्यातल्या दोन अजून चालतात, सिनसिनाटीची शेवटची १९४८ ला बंद झाली. मी आलो तेव्हा पहिले दोन महिने वाटायचं की गावच बदललं नाहीये! पण पिट्सबर्ग पोलादावर जगलं आणि १९८० च्या आसपास गिरण्या धडाधड बंद पडल्या, तरुण माणसं गाव सोडून गेली, मग हॉस्पिटलं आणि युनिव्हर्सिट्यांनी गाव सावरलं. सिनसिनाटीचं पोट डुकरांवर. एकोणिसाव्या शतकात इथे इतकी डुकरं कापली जायची की गावाला पोर्कोपोलिस म्हणायचे, त्या चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या, आणि त्यातूनच १८३७ ला प्रॉक्टर अँड गॅम्बल सुरू झाली जी अजून इथेच आहे. त्यामुळे लोकसंख्या इथली पण घसरली, पण पिट्सबर्गसारखा एकदम धक्का ह्या गावाने खाल्ला नाही. पिट्सबर्गमधली जुनी माणसं गिरणीबद्दल बोलतात तेव्हा आवाज बदलतो, तसं इथे साबणाबद्दल कोणी बोलत नाही.

चौथी गोष्ट माणसं. कोण कुठून आलं. इथे सिनसिनाटीची जोडी बदलते बघा, अंगाने पिट्सबर्ग पण मनाने सेंट लुईस. दोन्हीकडे जर्मन भरपूर आले, बिअर, कॅथलिक शाळा, लाल विटा. सिनसिनाटीत एका वस्तीचं नावच ओव्हर द ऱ्हाइन, कारण जर्मन लोक कालव्यापलीकडे राहायचे आणि त्या कालव्याला गमतीत ऱ्हाइन म्हणायचे. आणि दोन्ही गावांत नवीन माणसाला एकच प्रश्न, "कुठल्या शाळेत होतास?" मी भोळेपणाने कॉलेजचं नाव सांगितलं, विचारणारा म्हणाला नाही नाही, हायस्कूल. त्यावरून धर्म, वस्ती, बापाची ऐपत सगळं कळतं म्हणे. पुण्यात कुठल्या पेठेतले विचारतात त्यातलाच प्रकार, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाहेरच्याला न झेपणारा आणि गावकऱ्यांना जीव की प्राण असा एकेक पदार्थ पण दोन्हीकडे आहे, सिनसिनाटीत स्पॅगेटीवर दालचिनी घातलेली पातळ चिली, म्हणजे खिम्याचा रस्सा, ओततात, सेंट लुईसवाले पातळ पिझ्झावर प्रोव्हेल नावाचं चिकट चीज घालतात. मी दोन्ही खाल्लंय, प्लीज मत विचारू नका.

बोलण्याकडे पण कान ठेवा. कोल्ड्रिंकला काय म्हणतात एवढं विचारलं तरी पुरतं, पिट्सबर्ग-सिनसिनाटीत पॉप, पण सेंट लुईस आणि मिलवॉकीत सोडा, आजूबाजूला सगळा पॉपवाल्यांचा मुलूख असताना. आणि ही दोन्ही जर्मन बिअरची गावं. मला हे कळल्यावर मिलवॉकीकडे बघायची नजरच बदलली.

आता फसवणाऱ्या जोड्या. शेजारी आहेत म्हणून सारखी असतील असं अजिबात नाही. डॅलस आणि फोर्ट वर्थमध्ये तीसेक मैलांचं अंतर, मोठा विमानतळ दोघांचा मिळून एक, पण डॅलस बँका आणि इन्शुरन्सवाल्यांचं, फोर्ट वर्थ गुरांच्या बाजाराचं. फोर्ट वर्थची खरी बहीण ओक्लाहोमा सिटी, तिथे पण गुरांचा बाजार आणि त्याच्याभोवतीची बुटांची, खोगिरांची दुकानं. फोटोत सारखी दिसणारी जोडी म्हणजे डेन्व्हर आणि सॉल्ट लेक सिटी, दोन्हीकडे मागे बर्फाचे डोंगर. पण डेन्व्हर १८५८ च्या सोन्याच्या गर्दीत वसलं, जो तो नशीब काढायला आलेला, आणि सॉल्ट लेक १८४७ ला मॉर्मन ह्या धर्मपंथाच्या लोकांनी ठरवून वसवलं, रस्ते १३२ फूट रुंद, आणि पत्ते आजही त्यांच्या मंदिरापासून मोजतात, ३०० साउथ ५०० ईस्ट असे. आणि हो, सिस्टर सिटीच्या, म्हणजे दोन शहरांनी मैत्रीखातर कागदोपत्री जोडलेल्या नात्याच्या, यादीच्या नादी लागू नका, त्या यादीत पुणे आणि सॅन होजे बहिणी आहेत, मुंबई आणि लॉस एंजेलिस पण!

एवढं झालं की तुम्हाला नक्की काय सारखं हवंय ते ठरवा, कारण सगळंच जुळणारं गाव मिळत नाही. माझा एक मित्र ऑस्टिनला दहा वर्षं होता, त्याला तसंच पण स्वस्त गाव हवं होतं, सगळे त्याला टेक्सासमधलीच गावं सुचवत होते. मी म्हटलं ऑस्टिनचं ऑस्टिनपण कशात आहे, राज्याची राजधानी आणि राज्याची मोठी युनिव्हर्सिटी एकमेकांच्या अंगाला अंग लावून, त्यामुळे सरकारी बाबू, प्रोफेसर आणि गिटारवाले एकाच बारमध्ये. मग मॅडिसन बघ, विस्कॉन्सिनमधलं, तिथे कॅपिटलपासून, म्हणजे विधानभवनापासून, युनिव्हर्सिटीपर्यंत एकच स्टेट स्ट्रीट आहे, आणि पाणी हवं तर दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सगळं डाउनटाउन. गेला, आवडलं, राहिला. जानेवारीत फक्त माझे फोन उचलत नाही.